ओट्याखालचा डिशवॉशर : बसवणी, निगा आणि बिघाडाचा शोध

बेळगाव परिसरातील घरांत डिशवॉशरविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ मशीनच्या पोटात नसते. ते ओट्याच्या मापात, गच्चीवरील टाकीच्या उंचीत, बोअरच्या पाण्यात आणि मोरीकडे जाणाऱ्या पाइपच्या उतारात असते. मूळ तपासले नाही, तर मेकॅनिक येतो, एखादा भाग बदलतो आणि काही दिवसांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. म्हणून या लेखात मशीन घरात येण्यापूर्वी करायच्या कामांना अधिक जागा दिली आहे. ती कामे नीट झाली, तर पुढची यादी आपोआप आखूड होते.

खरेदीपूर्वी

ओट्यात बसवायच्या मशीनचे साधारण तीन प्रकार मिळतात. पहिल्यात दरवाजावर कपाटाचीच फळी लागते आणि बटणेसुद्धा दिसत नाहीत. दुसऱ्यात फळी लागते, पण बटणांची पट्टी उघडी राहते. तिसरा प्रकार म्हणजे स्वतंत्र उभे राहणारे मशीन, ज्याचे वरचे झाकण काढून ते ओट्याखाली सरकवता येते. आपल्याकडे तिसरा प्रकार अधिक सोयीचा पडतो, कारण पुढे दुरुस्तीसाठी मशीन बाहेर ओढताना सुताराला बोलवावे लागत नाही. मात्र झाकण काढण्याची परवानगी प्रत्येक मॉडेलला नसते. पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ते काढावे.

सीमाभागातील ग्राहकाने आणखी एक चौकशी करायला हवी. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. पण पिन कोड कर्नाटकाचा असल्याने, कोल्हापूरच्या दुकानातून घेतलेल्या मशीनची सेवा कोणत्या केंद्राकडे जाईल, हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये. कंपनीच्या ग्राहक सेवेला आपला पिन कोड सांगून, बसवणी आणि दुरुस्तीसाठी माणूस कोठून येणार, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पाणी : सर्वांत आधी आणि सर्वांत नीट

बेळगाव शहराला राकसकोप जलाशयाचे आणि हिडकल धरणाचे पाणी मिळते. राकसकोप मार्कंडेय नदीवर, तर हिडकल घटप्रभेवर आहे. असे धरणाचे पाणी साधारणपणे बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ असते. खानापूरकडे पाऊस भरपूर आणि जमीन जांभ्याची, त्यामुळे तिकडच्या आडांचे पाणीही तुलनेने मऊ लागते. याउलट अथणी, रायबाग, गोकाक या कमी पावसाच्या पट्ट्यात बोअरचे पाणी बहुधा जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या आत आणि नळाच्या तोंडाशी पांढरी पुटे चढतात, या खुणा घरातल्या प्रत्येकाच्या परिचयाच्या आहेत. पण मशीनला खुणा कळत नाहीत, तिला आकडा लागतो.

हा आकडा टीडीएस मीटरवर मिळत नाही. आरओ दुरुस्त करणारा माणूस जे यंत्र पाण्यात बुडवून आकडा सांगतो, ते पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. डिशवॉशरला त्यांपैकी फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, म्हणजे पाण्याचे काठिण्य किती, हे हवे असते. त्यासाठी रंग बदलणारी चाचणीपट्टी किंवा थेंब टाकून मोजायचा हार्डनेस किट वापरावा. काही मशीनांसोबत पट्टी येते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही मशीनच्या दृष्टीने बरेच जड असू शकते. पुस्तिकेत आकडा बहुधा जर्मन अंशांत असतो. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने ३०० मिलिग्रॅमचे पाणी सुमारे १७ अंशांचे आणि ६०० मिलिग्रॅमचे सुमारे ३४ अंशांचे होते. पुस्तिकेत दिलेल्या कमाल अंशांपेक्षा आपले पाणी जड निघाले, तर घरासाठी वेगळा सॉफ्टनर बसवावा किंवा मशीनला फक्त नळाचे पाणी द्यावे.

मशीनच्या तळाशी राळेच्या बारीक मण्यांची एक कुपी असते. पाणी तिच्यातून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की मशीन मिठाच्या पाण्याने त्यांना धुऊन पुन्हा तयार करते. मीठ भांड्यांवर शिंपडले जाते, हा समज चुकीचा आहे. ते फक्त या कुपीसाठी असते. डिशवॉशरचे जाड, शुद्ध मीठ मिळते, तेच घालावे. खाण्याच्या मिठातील आयोडीन आणि गठ्ठे होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ कुपीला त्रास देतात, आणि आगराच्या खड्या मिठात माती असते.

अनेक घरांत संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) नळाचे पाणी पडते आणि उन्हाळ्यात ते अपुरे पडले की त्याच संपमध्ये बोअर सोडली जाते. अशा घरात जूनमध्ये लावलेली काठिण्याची पातळी एप्रिलमध्ये चुकीची ठरते. काचेच्या पेल्यांवर धुरकट थर उन्हाळ्यातच का येतो, याचे उत्तर येथे सापडते. पाण्याचा स्रोत बदलला की पुन्हा मोजून मशीनमधील पातळी बदलावी. काम काही मिनिटांचे असते.

आता दाब. टाकीतील पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर सुमारे एक बार दाब मिळतो. तळमजल्याच्या घराच्या गच्चीवर थेट ठेवलेली टाकी जेमतेम तीन-चार मीटर उंचीवर येते, म्हणजे दाब ०.३ ते ०.४ बार. अनेक मशीनांना किमान ०.५ बार लागतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते, कारण टाकी त्यांच्या डोक्यावरच असते. ज्या नळाला मशीन जोडायचे त्याखाली बादली ठेवून घड्याळ लावावे. एका मिनिटात सुमारे दहा लिटर पाणी पडले पाहिजे. तितके पडत नसेल, तर टाकी उंच करावी किंवा लहान प्रेशर पंप बसवावा. पंप बसवल्यास वीज गेल्यावर मशीनचे पाणीही थांबते, हे ध्यानात ठेवावे.

गच्चीवर सोलर असलेल्या घरांत मशीनला गरम पाण्याची लाइन जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. बहुतेक मशीनांना ६० अंशांपर्यंतचेच पाणी चालते आणि उन्हाळ्याच्या दुपारी सोलरचे पाणी त्याहून तापते. शिवाय अंड्याचे आणि दुधाचे डाग पहिल्याच धुण्यात गरम पाणी लागले की सुटण्याऐवजी घट्ट बसतात. थंड पाण्याची लाइनच द्यावी. आरओचे वाया जाणारे पाणी साठवून मशीनला देण्याची कल्पना तर अजिबात करू नये, कारण त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात.

ओट्याचे माप

पूर्ण मापाच्या मशीनला साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ८२ सेंटिमीटर उंच आणि किमान ५५ सेंटिमीटर खोल जागा लागते. पाय फिरवून उंची सुमारे ८७ सेंटिमीटरपर्यंत नेता येते. हे आकडे साधारण समजावेत आणि आपल्या मॉडेलचे माप पुस्तिकेतून घ्यावे.

अडचण उंचीची येते. जुन्या ओट्याची बाहेरची उंची ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर असली, तरी वर ग्रॅनाइट, मध्ये मालाचा थर आणि खाली कडप्पा असे सगळे मिळून सहज सहा-सात सेंटिमीटर जातात, आणि आत जेमतेम ७९-८० सेंटिमीटर उरतात. म्हणून माप नेहमी तयार फरशीपासून कडप्प्याच्या खालच्या बाजूपर्यंत घ्यावे. तेही डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे असे चार ठिकाणी, कारण गवंडी फरशीला मोरीकडे उतार देतो आणि चार मापांत एक-दीड सेंटिमीटरचा फरक निघू शकतो. सर्वांत लहान माप खरे धरावे. ते कमी पडत असेल, तर ओटा उचलावा किंवा ओट्यावर ठेवायचे लहान मशीन घ्यावे. मशीनचे पाय काढून ते कोंबण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. खाली हवा न राहिल्याने आणि गळती दिसेनाशी झाल्याने नुकसानच होते.

रुंदीसाठी बहुधा मधली कडप्प्याची उभी फळी काढावी लागते, पण वरच्या ग्रॅनाइटचा भार तिच्यावर असतो. आधी लोखंडी चौकोनी पाइपची चौकट बसवून भार तिच्यावर घ्यावा आणि मगच फळी कापावी. मशीन शेगडीच्या थेट खाली ठेवू नये. गॅसची नळी मशीनच्या मागून नेऊ नये आणि सिलिंडरच्या कप्प्याची व मशीनची पोकळी एक होऊ देऊ नये. जागा शक्यतो सिंकच्या लगतची निवडावी, म्हणजे दोन्ही पाइप आखूड राहतात.

वीज

पाणी तापवताना मशीन साधारण दोन किलोवॅट किंवा त्याहून थोडी अधिक वीज घेते. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. सॉकेट मशीनच्या पाठीमागे न ठेवता शेजारच्या कपाटात, हात पोहोचेल तेथे आणि पाइपच्या जोडापासून दूर व उंच ठेवावे. मिक्सरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढून मशीन चालवणे धोक्याचे आहे.

अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पाणी, उष्णता आणि पत्र्याचे शरीर एकत्र आलेल्या या यंत्राला ते अत्यावश्यक आहे. जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. किंवा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे, आणि आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून तो पडतो का, हेही पाहावे.

हेस्कॉमचा (इकडच्या वीज वितरण कंपनीचा) पुरवठा काही गावांत संध्याकाळी बराच खाली येतो. अशा ठिकाणी मशीनच्या वॅटला पुरेल असा स्टॅबिलायझर लावावा किंवा मशीन रात्री उशिरा चालवावे. घरच्या इन्व्हर्टरवर ते जोडू नये. मध्येच वीज गेल्यास बहुतेक मशीने वीज परत आल्यावर राहिलेल्या टप्प्यापासून पुढे चालतात, म्हणून घाईने दरवाजा उघडू नये. आत गरम वाफ असते.

निचरा

सांडपाण्याची नळी मशीनच्या तळातून निघते. ती आधी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन तेथे क्लिपने अडकवावी आणि मग खाली उतरवून जोडावी. या उंच वळणामुळे सिंकचे घाण पाणी मशीनमध्ये परत येत नाही. जोडाची उंची बहुधा फरशीपासून ४० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. नळी सिंकखालच्या बॉटल ट्रॅपवरील (वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भागावरील) खास तोटीला जोडून क्लॅम्प आवळावा. नव्या ट्रॅपच्या तोटीला आतून पडदा असतो, तो कापायला प्लंबर हमखास विसरतो.

आपल्याकडे सर्रास होणारा प्रकार म्हणजे नळी सरळ मोरीत किंवा भिंतीच्या भोकातून बाहेरच्या गटारात सोडणे. बाहेरचे गटार फरशीपेक्षा खाली असल्याने नळी एकदा भरली की मशीनमधील पाणी आपोआप ओढले जाते. मशीन पाणी घेत राहते, ते वाहून जात राहते, आणि शेवटी मशीन चूक दाखवून थांबते. त्याच वाटेने झुरळे येतात आणि उंदीर नळी कुरतडतात. सिंकखाली नागमोडी, पातळ प्लास्टिकचा वेस्ट पाइप असेल, तर तो कडक पीव्हीसीचा करून घ्यावा, कारण मशीनचे पाणी गरम असते आणि पातळ पाइप मऊ पडून मध्येच लोंबतो.

खेड्यातील घरांत मोरीचे पाणी परसातील केळी-अळूला सोडण्याची पद्धत आहे. डिशवॉशरचे पाणी तेथे सोडू नये. त्याची पावडर बरीच अल्कधर्मी असते आणि कुपी धुतलेले मिठाचे पाणीही त्यातच येते; सोडियमने काळी जमीन बसते आणि पाणी मुरेनासे होते.

मशीन सरकवणे आणि पहिली फेरी

मशीन आत सरकवण्यापूर्वी तिन्ही जोडण्यांची वाट मोकळी करावी. नळावर पाऊण इंची आट्यांचा अँगल कॉक मशीनसाठी स्वतंत्र बसवावा. पाण्याची नळी जोडताना तिच्या टोकाला रबरी वॉशर असेल, तर टेफ्लॉन टेपची गरज नसते. टेप कॉक भिंतीत बसवताना लागतो. नळी हाताने घट्ट करून नंतर पान्याने थोडीशीच आवळावी. नवीन पाइपलाइन असेल, तर नळी जोडण्याआधी बादलीभर पाणी सोडून द्यावे, म्हणजे पाइपमधील रेती आणि सिमेंटचे कण मशीनच्या जाळीत अडकणार नाहीत.

मशीन हळूहळू ढकलताना एकाने शेजारच्या कपाटातून दोन्ही नळ्या आणि वायर ओढून घ्यावी. मागे नळी दुमडली, तर नंतर कळायला मार्ग नसतो. आत गेल्यावर पुढचे दोन पाय पान्याने आणि मागचा पाय पुढून फिरवायच्या स्क्रूने वर-खाली करावा. दरवाजा उघडून आतल्या काठावर पाणसळ ठेवावी आणि ती आडवी-उभी दोन्ही बाजूंनी तपासावी. पाणसळ बरोबर असूनही दरवाज्याच्या एका बाजूला फट अधिक दिसली, तर चौकट तिरकी आहे असे समजावे.

त्यानंतर मशीन पक्के करायचे. कंपनी वर स्क्रू मारायच्या पट्ट्या देते, पण त्या लाकडी ओट्यासाठी असतात. ग्रॅनाइटमध्ये स्क्रू जात नाही. म्हणून बाजूने अडकवायच्या पट्ट्या वापराव्यात, आणि शेजारी कडप्पा असेल तर त्याला आधी पाण्यात न फुगणाऱ्या १८ मिलिमीटर प्लायची पट्टी बसवून तिच्यात स्क्रू घ्यावा. पक्के न केलेले मशीन, भरलेला खालचा ट्रे बाहेर ओढताच पुढे झुकते. दरवाज्याला लाकडी फळी लावल्यावर त्याच्या स्प्रिंगचा ताण वाढवावा लागतो. अर्धवट उघडलेला दरवाजा आपटत खाली पडत असेल तर ताण कमी आहे, आणि आपोआप वर येत असेल तर जास्त.

मिठाच्या कुपीत पहिल्या वेळी, आणि फक्त पहिल्याच वेळी, सुमारे एक लिटर पाणी भरावे आणि मग नरसाळ्याने मीठ घालावे. साधारण एक ते दीड किलो बसते. मिठाचे पाणी उसळून बाहेर येते, ते तळाच्या स्टीलवर राहिले तर गंज धरतो. म्हणून मीठ भरल्यावर लगेच एक फेरी चालवावी. त्यानंतर काठिण्याची पातळी लावावी, रिन्स एड (भांडी लवकर वाळावीत म्हणून शेवटच्या विसळणीत सुटणारे द्रव) भरावे, आणि भांडी न घालता एक गरम फेरी पूर्ण होऊ द्यावी. या वेळी प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवावा; हाताला न लागणारी गळती कागद दाखवतो. मशीनच्या पायांपुढे लागणारी खालची पट्टी दुसऱ्या दिवशी बसवली तरी चालते.

आपली भांडी

स्टीलची ताटे, वाट्या, पेले, डबे आणि पातेली निर्धास्त घालावीत. लोखंडी आणि बिडाचा तवा, तांब्या-पितळेची भांडी, ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई, लाकडी पोळपाट, लाटणे व काठवट बाहेरच ठेवावीत: लोखंड गंजते, तांबे-पितळ आणि ॲल्युमिनियम काळवंडते, लाकूड उलते. नॉनस्टिक भांड्याचे आयुष्यही घटते.

भांडी आधी विसळण्याची गरज नसते, पण खरकटे खरवडून काढलेच पाहिजे. कढीपत्ता, मोहरी, कोथिंबिरीच्या काड्या आणि चटणीतील शेंगदाण्याचे कण हे आपल्या स्वयंपाकघरातील खरे शत्रू आहेत, कारण ते फवाऱ्याच्या भोकांत नेमके अडकतात. तांबड्या रश्श्याची कटाने माखलेली पातेली ६५ ते ७० अंशांच्या फेरीत स्वच्छ निघतात. कुंदा आटवलेल्या कढईच्या तळाशी धरलेली साय मात्र कोणत्याही फेरीत सुटत नाही. ती आधी रात्रभर भिजवावीच लागते. भाकरीची परात वाळण्यापूर्वी ओल्या हाताने पुसून घ्यावी, नाहीतर पिठाचा थर घट्ट बसतो.

मोठी परात उभी ठेवताना ती दरवाज्यावरच्या पावडरच्या झाकणासमोर येऊ देऊ नये. फेरी संपल्यावर डिटर्जंटची गोळी तशीच चिकटलेली आढळली, तर बहुधा दोष अशा परातीचाच असतो. भांडी लावून झाल्यावर दोन्ही फवारे बोटाने फिरवून ते कोठे अडत नाहीत ना, एवढे पाहावे.

निगा

तळाची गाळणी दोन-चार दिवसांनी काढून नळाखाली मऊ ब्रशने धुवावी, आणि परत बसवताना ती फिरवून पक्की झाली याची खात्री करावी. सैल गाळणीच्या कडेने कण थेट पंपात जातात. महिन्यातून एकदा फवारे काढून भोके टाचणीने नव्हे, तर टूथपिकने मोकळी करावीत आणि दरवाज्याचे रबर, विशेषतः खालची कड, ओल्या फडक्याने पुसावी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते तेव्हा नळ बंद करून पाण्याची नळी सोडावी आणि तिच्या तोंडाची जाळी धुवावी.

जड पाण्याच्या घरांत दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनमध्ये सुमारे १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून, पावडर न टाकता गरम फेरी चालवावी. व्हिनेगर वारंवार वापरल्यास रबर खराब होते. ब्लीच तर घालूच नये. ते स्टीलला मारक असते आणि लिंबूसत्त्वाबरोबर मिसळल्यास विषारी वायू तयार होतो.

गणपतीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद ठेवताना गाळणी धुवावी, कॉक बंद करावा, स्विच बंद करावा आणि दरवाजा बोटभर उघडा ठेवावा.

बिघाडाचा माग

कोणताही भाग हाताळण्यापूर्वी एमसीबी आणि कॉक बंद करावा.

*पाणी तुंबून राहते.* सर्वाधिक आढळणारी तक्रार हीच. आधी गाळणी पाहावी, नंतर सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतावे; सिंकही तुंबत असेल तर दोष मशीनचा नाही. सिंक मोकळे असेल, तर सांडपाण्याची नळी दुमडली आहे का आणि ट्रॅपच्या तोटीत चिकट चरबी बसली आहे का, हे पाहावे. त्यानंतर मशीनमधील पाणी वाटीने आणि स्पंजने काढून, गाळणीखालचे पंपाचे छोटे झाकण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उचलावे. येथे काचेचा तुकडा, दातकोरणे किंवा लिंबाची बी अडकलेली सापडते. हातमोजे घालूनच हात घालावा. पंपाचे पाते बोटाने फिरवल्यावर झटके देत फिरते. आतील चुंबकामुळे तसे होणे स्वाभाविक आहे, तो बिघाड नाही. पाते मोकळे आहे, वाट मोकळी आहे आणि तरीही पंप नुसता गुणगुणतो किंवा गप्प राहतो, तेव्हा मेकॅनिकला बोलवावे.

*पाणी येत नाही किंवा येतच राहते.* येत नसेल तर कॉक, नळीची जाळी आणि बादलीची चाचणी या क्रमाने जावे. येतच राहत असेल तर फेरी थांबवून, वाफ गेल्यावर दरवाजा उघडावा. तळाशी पाणी नाही आणि मोरीत मात्र धार चालू आहे, असे दिसले तर वर सांगितलेला गटाराचा ओढा लागला आहे. उंच वळण देणे हाच त्यावर उपाय.

*भांड्यांवर पांढरा थर.* एका पेल्यावर लिंबाचा रस चोळावा. थर गेला तर तो क्षारांचा आहे: मीठ संपले आहे, पातळी चुकली आहे, किंवा मिठाच्या कुपीचे झाकण सैल आहे. थर गेला नाही तर काच झिजली आहे आणि ती पूर्ववत होत नाही. पाणी फार मऊ आणि पावडर फार अधिक असल्यास असे होते, म्हणून खानापूरकडच्या मऊ पाण्यावर पावडर कमी घालावी. थर बोटाला चिकट, तेलकट लागत असेल तर पावडर कमी पडली आहे किंवा पाणी तापत नाही.

*पाणी तापत नाही.* गरम फेरी सुरू होऊन अर्धा तास झाल्यावरही दरवाजा बाहेरून थंडगार असेल आणि संपल्यावर भांडी थंडच निघत असतील, तर हीटर, तापमापक किंवा त्यांचा रिले गेला आहे. हे घरी करायचे काम नाही.

*फेस बाहेर येतो.* कोणीतरी भांडी घासायचे साधे लिक्विड घातलेले असते. मशीन बंद करून फेस बसू द्यावा, तळचा फेस काढावा आणि पावडर न घालता विसळण्याची फेरी एक-दोनदा चालवावी.

*मशीन सुरूच होत नाही, पण पंप अखंड चालतो.* मशीनच्या बुडाशी असलेल्या तबकात पाणी साचून तरंगता स्विच उचलला गेला आहे, म्हणजे कोठेतरी गळती आहे. वीज आणि कॉक बंद करून खालची पट्टी काढावी, पाणी टिपावे, आणि गळतीची जागा सापडेपर्यंत मशीन चालवू नये. समोरून गळत असेल तर आधी रबरावरील खरकटे पाहावे आणि पाणसळ पुन्हा लावावी. पुढे झुकलेले मशीन रबर चांगले असूनही गळते.

*आरसीसीबी पडतो.* सुरू करताच पडत असेल तर दोष प्लग किंवा वायरिंगमध्ये असण्याचा संभव आहे. फेरी सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर हीटरवर संशय घ्यावा. दोन्ही वेळी तो पुन्हा पुन्हा वर करू नये, आणि आरसीसीबी वगळून मशीन चालवण्याची सूचना कोणी केली तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नये.

*भांडी ओली निघतात.* प्लास्टिक ओलेच राहते, ते मान्य करावे. स्टील ओले राहत असेल तर रिन्स एड भरावे, उलट्या वाट्या तिरप्या ठेवाव्यात आणि फेरी संपल्यावर दरवाजा थोडा उघडावा. मात्र वरचा ओटा लाकडी किंवा प्लायचा असेल, तर त्याच्या खालच्या बाजूला वाफरोधक पट्टी लावल्याशिवाय असे करू नये.

मेकॅनिकला फोन करताना दरवाज्याच्या कडेवरील मॉडेल क्रमांक, पडद्यावर आलेला बिघाड दाखवणारा कोड, बिघाड फेरीच्या कोणत्या टप्प्यावर होतो, पाण्याचे काठिण्य आणि वरीलपैकी काय काय तपासून झाले, हे सांगावे. लांबून येणारा माणूस योग्य भाग सोबत घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते. भाग बदलला असेल तर जुना भाग परत मागून घ्यावा आणि नव्या भागाच्या वॉरंटीचा उल्लेख असलेले बिल घेतल्यावरच पैसे द्यावेत.